पुरं पडंना

१९९३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. एम.डी. होऊन सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी दवाखाना थाटला, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. आठ खाटा, एक ईसीजी मशीन, ऑक्सिजनचे दोन सिलिंडर आणि दारावर ओल्या रंगाची पाटी. एका रात्री दहाच्या सुमाराला जीपमधून एका आजींना आणलं. वय सत्तरीचं. ओठ निळसर पडलेले, कपाळावर घाम. आडवं केलं की घुसमट व्हायची, म्हणून दोन सुनांनी दोन्ही बाजूंनी त्यांना बसतं धरलं होतं. पाठीला स्टेथोस्कोप लावला तर खालपासून वरपर्यंत नुसते बुडबुडे. ऑक्सिजन लावला, लॅसिक्सची इंजेक्शनं दिली, लघवीची नळी घातली. तासाभरात पिशवी भरायला लागली आणि बाराच्या ठोक्याला आजी म्हणाल्या, "जरा च्या मिळंल का?"

मी खूश होऊन व्हरांड्यात आलो. थोरला मुलगा उभा होता. त्याला मी कॉलेजात शिकलेलं निदान जसंच्या तसं सांगितलं, "तुमच्या आईचं हार्ट फेल्युअर आहे." त्यापुढे मी बरंच बोललो. पाणी कसं साचतं, गोळ्या कशा घ्यायच्या, मीठ कसं कमी करायचं. तो मान हलवत होता. मग काही न बोलता टोपी सावरून बाहेर पडला. मला वाटलं, चहा आणायला गेला. तो गेला होता कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर.

पहाटे पाचला दवाखान्यासमोर टेम्पो थांबला. तीसेक माणसं उतरली. बायकांनी दारातच हंबरडा फोडला. मी वरच्या मजल्यावरून धावत खाली आलो, तर आजी खाटेवर मांडी घालून बसलेल्या, हातात दुसरा कप. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं आणि सुनेला विचारलं, "येवढी मान्सं का जमल्यात? कोन गेलं?"

कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. धाकटा मुलगा मुंबईहून रात्रीची गाडी पकडून दुपारी पोचला, तेव्हा आजी भाकरी कुस्करून खात होत्या. टेम्पोच्या हौद्यात मागे दोन हिरवे कळक दिसले. ते कशाला आणले होते, हे मी विचारलं नाही.

आजी त्यानंतर चार वर्षं जगल्या. त्या गावात माझं नाव पुढे बरीच वर्षं 'मेलेली बाई उठवणारा डॉक्टर' असंच होतं. त्या नावावर माझी प्रॅक्टिस वाढली, हेही कबूल करायला हवं.

थोरल्याची चूक नव्हती. त्याच्या भाषेत मी त्याला 'आई गेली' असंच सांगितलं होतं. 'फेल' हा शब्द मराठीने इंग्रजीतून घेतला आणि आपल्या संसाराला लावला. पोरगं दहावीला फेल होतं, घाटात ट्रकचे ब्रेक फेल होतात, पाऊस नाही पडला तर हंगाम फेल जातो. फेल म्हणजे निकाल लागला, आता बोलण्यासारखं काही उरलं नाही. त्यातून 'हार्ट फेल' हा तर आपल्याकडे मरणाचाच शब्द. चाळिशीतला माणूस शेतात कोसळला, हार्ट फेल. नव्वदीची म्हातारी झोपेत गेली, हार्ट फेल. वर्तमानपत्रातलं 'हृदयक्रिया बंद पडून निधन' हे त्याचंच सोवळं रूप. शब्दकोशवाल्यांनी 'हृदय निकामी होणे' असा प्रतिशब्द दिला, म्हणजे उरलासुरला धीरही काढून घेतला.

आम्हा डॉक्टरांच्या भाषेत मात्र या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते आणि तेवढ्या भागातला स्नायू मरतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे ठोका थांबतो. तिथे मिनिटांचा हिशेब असतो. शेतात कोसळलेल्या त्या माणसाचं जे झालं, ते हे. आणि हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय चालू आहे, दिवसाला लाखभर ठोके देतंच आहे, पण शरीराला लागतं तेवढं रक्त त्याच्याकडून पुढे जात नाही, किंवा जातं ते मागे दाब वाढवून. मागे दाब वाढला की पाणी फुफ्फुसांत उतरतं, घोट्यांशी साचतं, पोटात भरतं. हा आजार महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालतो. म्हणजे या तिन्हींपैकी ज्याच्यासोबत माणूस सगळ्यात जास्त काळ जगतो, त्यालाच आपण मरणाचं नाव देऊन ठेवलं आहे.

नावाची ही खोड इंग्रजीची. फ्रेंच आणि जर्मन डॉक्टर याच आजाराला हृदयाचा 'अपुरेपणा' अशा अर्थाचा शब्द वापरतात. कॅनडात अशा रुग्णांच्या बाह्यरुग्ण विभागाला कित्येक ठिकाणी 'हार्ट फंक्शन क्लिनिक' म्हणतात; फेल्युअर दाराच्या पाटीवरही नाही. आम्ही इंग्रजीत शिकलो, म्हणून आमच्या वाट्याला फेल आलं.

त्या पहाटेचा मी घेतलेला धडा मात्र चुकीचा होता. मी ठरवलं की हा शब्द तोंडातून काढायचाच नाही. पुढची दहा वर्षं माझ्या दवाखान्यात कुणालाही हार्ट फेल्युअर झालं नाही. कुणाच्या 'छातीत पाणी' झालं, कुणाच्या 'हृदयाला सूज' आली, कुणाला 'अशक्तपणा' होता. केसपेपरवर इंग्रजीत खरं लिहायचो आणि समोरच्याला हे सांगायचो. नातेवाईक शांत राहायचे, टेम्पो यायचे बंद झाले. मला वाटायचं, मी मोठा समजूतदार झालो.

२००३ च्या आसपास एक निवृत्त एसटी कंडक्टर माझ्याकडे यायचे. साठी नुकतीच उलटलेली, मधुमेह जुना, पाच वर्षांपूर्वी अटॅक येऊन गेलेला. बोलायला खणखणीत, शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवायची तीस वर्षांची सवय. या आजाराचा आपल्याकडचा माणूस बहुधा याच वयाचा असतो. पुढे २०१३ मध्ये तिरुअनंतपुरमला १,२०५ रुग्णांची नोंद ठेवून अभ्यास झाला, त्यातही सरासरी वय साधारण एकसष्टच निघालं. पाश्चात्त्य देशांत ते सत्तरीच्या पुढे असतं.

कंडक्टर काकांचा जिना चढताना दम लागणं वाढलं होतं, पाय सुजले होते. मी नेहमीप्रमाणे म्हणालो, "काका, छातीत थोडं पाणी झालंय. काढून टाकू." गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांत सहा किलो वजन उतरलं, चप्पल सैल झाली, काका दोन मजले चढून आले आणि म्हणाले, "डॉक्टर, गेलं सगळं पाणी." मीही हसून म्हणालो, "गेलं." गोळ्या चालू ठेवा, हेही सांगितलंच होतं. पण ज्या माणसाला पाणी झालं होतं आणि पाणी गेलं, त्याने गोळ्या का चालू ठेवाव्यात? दारची विहीर उपसून झाल्यावर इंजिन चालू ठेवतं का कुणी?

काकांनी गोळ्या बंद केल्या. पुतणीच्या लग्नाला गेले, आठ दिवस राहिले. लोणचं, पापड, मठ्ठा, पंगती. परतल्यावर तिसऱ्या रात्री दोन वाजता उठून बसले आणि खिडकी उघडा म्हणाले. माझ्याकडे आणेपर्यंत तोंडाला गुलाबी फेस आला होता. सकाळी सातला ते गेले.

दोन महिन्यांनी त्यांची मुलगी विम्याचा फॉर्म घेऊन आली. त्यात उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरायचे रकाने असतात. मृत्यूचं कारण काय? तो आजार केव्हापासून होता? मी जुना केसपेपर काढला आणि लिहिलं, हार्ट फेल्युअर, दोन वर्षं. शिक्का मारून फॉर्म तिच्या हातात दिला. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिने तिथेच उभ्या उभ्या वाचलं, मग खुर्चीत बसली.

"दोन वर्षं पप्पांचं हार्ट फेल होतं?"

"हो."

"तुम्ही पाणी म्हणाला होतात."

मी गप्प बसलो.

"पाणी गेलं म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. फॉर्मची घडी घातली, पर्समध्ये ठेवला आणि माझी फी विचारली.

मी नको म्हणालो. तिने पन्नासची नोट टेबलावर ठेवली आणि गेली. ती नोट मी दिवसभर उचलली नाही. संध्याकाळी कंपाउंडरने गल्ल्यात टाकली.

त्या रात्री एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हा शब्द आम्ही डॉक्टर उलटा वापरतो. जिवंत माणसासमोर, जिथे तो उपयोगाचा असतो, तिथे गिळतो. आणि मेलेल्या माणसाच्या कागदावर, जिथे त्याला काही अर्थ नसतो, तिथे सढळ हाताने लिहितो.

कागदाचं जरा सविस्तर सांगतो, कारण डॉक्टर सोडून इतरांनी हा कागद फारसा पाहिलेला नसतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. रुग्णालयात मृत्यू झाला की उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचा दाखला द्यायचा, तो नमुना क्रमांक ४ वर. घरी मृत्यू झाला तर ४-अ. या फॉर्मवर पहिल्याच ओळीशी बारीक अक्षरात सूचना छापलेली असते. ज्या आजाराने, इजेने किंवा गुंतागुंतीने मृत्यू झाला ते लिहा. मरण्याची तऱ्हा लिहू नका. आणि तऱ्हेचं उदाहरण म्हणून पहिलाच शब्द काय छापला आहे? हार्ट फेल्युअर.

ही सूचना नाकासमोर असताना मी कित्येक वर्षं तिच्याच शेजारी 'कार्डिओ-रेस्पिरेटरी फेल्युअर' असं लिहीत आलो. माझ्याआधीचे लिहीत होते, माझ्या बरोबरचे लिहीत होते. रात्री तीनला, बाहेर रडारड चालू असताना, जुना केसपेपर चाळत बसण्यापेक्षा हे सोपं. आणि ते खोटंही नसतं. हृदय आणि श्वास थांबल्याशिवाय मेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. दिवा का विझला, तर प्रकाश गेला म्हणून, असा तो जबाब. फॉर्मला हवी असते ती साखळी. फुफ्फुसांत अचानक पाणी भरलं, कशामुळे? पाच वर्षांपूर्वीच्या अटॅकने दुबळ्या झालेल्या हृदयामुळे. तो कशामुळे? मधुमेहामुळे. प्रत्येक कडीसमोर एक छोटा रकाना असतो, सुरुवात झाल्यापासून मृत्यूपर्यंत किती काळ गेला. हे सगळे कागद एकत्र होऊन देशाची आकडेवारी तयार होते, कुठे कशाने माणसं मरतात याची. त्यात नुसतं 'हार्ट फेल्युअर' लिहिलेला कागद आला की मोजणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. आरोग्याचा हिशेब मांडणारे जगभरचे अभ्यासक अशा नोंदींना सरळ 'कचरा कोड' म्हणतात. माझ्या सहीचे असे किती कागद त्या कचऱ्यात असतील, देव जाणे.

कागद सुधारणं सोपं होतं. सूचना वाचायची आणि साखळी लिहायची. जिवंत माणसाशी काय बोलायचं, हे शोधायला वेळ लागला.

सुरुवातीला मी आकड्याचा आधार घेतला. तोवर तालुक्यापर्यंत टू-डी इको आली होती, आणि इकोच्या रिपोर्टवर एक टक्केवारी असते. हृदयाचा डावा कप्पा पूर्ण भरला की त्यात समजा १२० मिलीलिटर रक्त असतं. एका ठोक्याला त्यातलं सत्तर बाहेर पडलं, तर झाले अठ्ठावन्न टक्के. लोक याला 'पंपिंग' म्हणू लागले. हा शब्द इतका रुजला की आता रुग्णच येऊन सांगतो, "माझं पंपिंग तीस आहे." पण महाराष्ट्रात टक्केवारी म्हटलं की दहावीचा निकालच डोळ्यांसमोर येतो. एका निवृत्त हेडमास्तरांना मी पस्तीस टक्के सांगितलं, तर ते क्षणभर विचार करून म्हणाले, "म्हणजे काठावर पास."

मी म्हणालो, "सर, हा पेपर शंभराचा नसतो. निरोगी माणसालाही पंचावन्न ते सत्तरच पडतात."

"मग पस्तीस म्हणजे चांगलेच की. सेकंड क्लास."

आनंदाने गेले. त्यांच्या मागोमाग एक बाई आल्या. स्थूल, रक्तदाब जुना, दोन पावलं टाकली की धाप. इको साठ टक्के. मुलगा रिपोर्ट नाचवत म्हणाला, "फर्स्ट क्लास आहे, मग हिला हार्ट फेल्युअर कसं?" आता त्याला काय सांगू? या आजाराच्या रुग्णांत जवळपास निम्म्यांचं पंपिंग उत्तम असतं. स्नायू ताठर झालेला असतो, तो सैल होऊन भरूनच घेत नाही. भरल्यातलं साठ टक्के बाहेर टाकतो, पण भरतो तो सहज नव्हे, तर दाब वाढवून, जबरदस्तीने. साठ टक्के मिळवून फेल. टक्केवारीचा आधार तिथे सुटला.

मग पाण्याच्या मोटारीचा दाखला देऊन पाहिला. कृष्णाकाठचा शेतकरी, त्याला याहून ओळखीचं काय असणार? "मोटार जळलेली नाही, पाणी कमी फेकतेय," असं एकाला मोठ्या उत्साहाने समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग रिवाइंडिंगला कुठं टाकायची? सांगलीला का पुण्याला?" हृदयाची तारा गुंडाळता येत नाही, म्हटल्यावर तो म्हणाला, "मग बदलू की." तेही काही वेड्याचं बोलणं नव्हतं. १९६८ च्या फेब्रुवारीत, जगातलं पहिलं हृदयारोपण होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, मुंबईच्या केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी हृदय बदललं होतं. रुग्ण काही तासच जगला. भारतातलं पहिलं यशस्वी हृदयारोपण व्हायला १९९४ उजाडावं लागलं, दिल्लीच्या एम्समध्ये. आता महाराष्ट्रातही हृदय बदलतात. पण शंभर रुग्णांत एकाच्या वाट्यालाही ते यायचं नाही. मोटारीच्या दाखल्याने नेमकी नको ती आशा दाखवली.

२०१० साली आक्का आल्या. अठ्ठावन्न वर्षांच्या. नदीपलीकडच्या वाडीवरच्या, चौथी शिकलेल्या, स्वतःची चार म्हसरं सांभाळणाऱ्या. सोबत नातू. तक्रार अशी की जोडवी रुतायला लागली. आधी एका पायातली काढली, मग दुसऱ्या. मी नडगीवर अंगठा दाबून दहा सेकंद धरला. काढला तेव्हा खळगा तसाच राहिला, पिठात बोट घातल्यासारखा.

रात्री किती उशा लागतात, हा आमचा ठरलेला प्रश्न. पुस्तकात उशा मोजतात. वाडीवर उशा मोजायला नसतातच. आक्का म्हणाल्या, "उशी कसली? आधी गोधडीची वळकटी घ्यायची. आता तर भिताडाला टेकूनच झोपतीया."

इको केली, पंपिंग अठ्ठावीस. मी नातवाला बाहेर पाठवलं नाही, की आक्कांना बाजूला केलं नाही. दोघांनाही समोर बसवून म्हणालो, "आक्का, ह्या आजाराला डॉक्टर लोक हार्ट फेल्युअर म्हणतात." नातवाचा चेहरा उतरला. मी थांबलो नाही. "हार्ट बंद पडलेलं नाही. बंद पडलं असतं तर तुम्ही माझ्याशी बोलत नसता. ते चालतंय. पण अंगाला जेवढं लागतं, तेवढं त्याच्याच्यानं होत नाही. आणि हे पाणी गेलं तरी आजार जाणार नाही. गोळ्या जन्मभराच्या."

आक्का जरा वेळ पदराच्या काठाशी चाळा करत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी काळीज पुरं पडंना."

मी पेन खाली ठेवलं. वैद्यकाच्या जाडजूड पुस्तकात या आजाराची जी व्याख्या आम्ही घोकली होती, शरीराच्या गरजेच्या मानाने हृदयाकडून होणारा पुरवठा कमी पडणे, ती आक्कांनी तीन शब्दांत सांगितली होती. वर पदरची जोडही दिली, "घरात खाणारी तोंडं वाढली आन पगार तेवढाच, तसं." पंपिंग अठ्ठावीस असो की साठ, दोन्हींना हे लागू. आणि यातच उपाय आला. पगार पुरा पडेना म्हणून कुणी घर जाळत नाही. खर्च आवरतं, उधारी वाढू देत नाही, रोजचा हिशेब ठेवतं.

आक्कांनी हिशेब ठेवला. मी सांगितलं होतं, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खायच्या आत वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर सूज दिसायची वाट न बघता यायचं. नातवाने वजनकाटा आणला. आक्का भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, एकादशी-चतुर्थीच्या शेजारी, पेन्सिलीने आकडा टाकायच्या. दुधाचे लिटर पेनाने, वजन पेन्सिलीने, म्हणजे घोटाळा नको. दर तपासणीला ते पान फाडून, चौघडी करून ब्लाउजमधून काढायच्या. एकदा संक्रांतीनंतर आकडे चढलेले दिसले. मी वर पाहिलं. त्याच म्हणाल्या, "हळदीकुंकवाला पापड खाल्लं. लिवलंय खाली." खरंच लिहिलं होतं, 'पापड ३'.

त्या नऊ वर्षं माझ्याकडे आल्या. माझ्या विद्यार्थिदशेतल्या पुस्तकाप्रमाणे त्या दोन-तीन वर्षांच्या वर जायला नको होत्या. त्या काळी ते खरंही होतं. १९८७ साली उत्तर युरोपातल्या अगदी बळावलेल्या रुग्णांवर एनालाप्रिलचा मोठा प्रयोग झाला; त्यात ज्यांना ती गोळी मिळाली नाही, त्यांच्यातले ४४ टक्के सहा महिन्यांत दगावले होते. आमच्या हातात तेव्हा काय होतं? लघवी करवणारी लॅसिक्स, आणि विल्यम विदरिंगने १७८५ साली फॉक्सग्लोव्हच्या पानांबद्दल पुस्तक लिहिलं तेव्हापासून चालत आलेलं डिजिटॅलिस. बीटा ब्लॉकर गोळी या रुग्णाला देणं म्हणजे परीक्षेत नापास व्हायची हमी. थकलेल्या हृदयाचा वेग आणखी कमी करता? स्वीडनमध्ये १९७५ पासून काही डॉक्टर उलट सांगत होते. ते सगळ्यांना पटायला १९९९ उजाडलं. आज तीच गोळी मी पहिल्या भेटीतच लिहून देतो. मधुमेहासाठी निघालेली एक गोळी या हृदयांनाही तारते, हे २०१९ मध्ये सिद्ध झालं. औषधांनी आजाराचा स्वभाव बदलला, पण नाव जुनंच राहिलं. फेल म्हणावं असे दिवस होते, तेव्हाचं ते नाव आहे.

आक्का मात्र त्या नावाला घाबरायच्या नाहीत. उलट ते त्यांच्या तोंडी बसलं होतं. बाहेरच्या बाकावर नंबर येईपर्यंत बसायच्या, तेव्हा त्यांचा आवाज मला आत ऐकू यायचा. एकदा एका नव्या रुग्णाचा मुलगा माझ्या केबिनमधून निदान ऐकून बाहेर गेला आणि फोन लावून रडवेल्या आवाजात म्हणाला, "दाजी, अण्णांचं हार्ट फेल..." पुढचं त्याच्याच्याने बोलवेना. मला १९९३ ची पहाट आठवली आणि मी खुर्चीतून उठलो. दारापर्यंत गेलो तोवर आक्कांनी त्याच्या हातातला फोन खाली करायला लावला होता.

"आरं, माजं सात वरीस झालं फेल हाय," त्या म्हणाल्या. "तुज्या अण्णाला वजनकाटा घिऊन दे आदी. आन लोनचं बंद कर."

मी परत येऊन खुर्चीत बसलो.

२०१९ च्या थंडीत आक्कांना न्यूमोनिया झाला. चार दिवस माझ्याकडे होत्या. पाय अखेरपर्यंत सुजले नाहीत. जोडवी बोटांत होती. पाचव्या दिवशी पहाटे त्या गेल्या.

मी नमुना क्रमांक ४ घेऊन बसलो. पहिल्या भागात न्यूमोनिया, कालावधी सहा दिवस. या फॉर्मला दुसरा भाग असतो. मृत्यूला हातभार लावणारे, पण मूळ साखळीत नसलेले आजार तिथे लिहायचे. तिथे रक्तदाब लिहिला, आणि त्याने दुबळं झालेलं हृदय, म्हणजे हार्ट फेल्युअर. समोरच्या रकान्यात कालावधी लिहिला आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या नोंदणी विभागातून फोन आला. नवीन लागलेला मुलगा होता, कामसू वाटला.

"सर, त्या आजींच्या फॉर्ममध्ये एक दुरुस्ती करायला लागतीय."

"कसली?"

"हार्ट फेल असं लिहिलंय आणि पुढे नऊ वर्षं पडलंय. तुम्हाला नऊ तास म्हणायचं होतं का?"

"नाही," मी म्हणालो. "वर्षंच आहेत ती. तशीच राहू दे."